मॉंटगोमेरीची बस आणि चाळीसगावचा टांगा

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचा ‘रोझा’ हा भाग बीबीसीने ऑक्टोबर 2018 मध्ये दाखवला. भविष्यकाळातील एक वर्णद्वेष्टा गुन्हेगार 1955 सालच्या मॉंटगोमेरीत येतो. त्याला कुणाचा जीव घेता येत नाही. म्हणून तो बसचे वेळापत्रक बिघडवतो, चालकाला सुट्टी मिळवून देतो. 1 डिसेंबरला बस भरलीच नाही, तर रोझा पार्क्स यांना कुणी उठवणार नाही आणि त्यांचा नकारही घडणार नाही. हा डाव उधळण्यासाठी नायिकेला व तिच्या सोबत्यांना अखेर बसमध्ये बसून राहावे लागते, गर्दी पुरी पडावी म्हणून. अन्यायाची चीड असलेल्यांनाच त्या अन्यायात प्रवासी म्हणून सामील व्हावे लागते.

हा भाग पाहताना आम्हांला खानदेशातील एक टांगा आठवला. 1929 सालची ही गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या व आणखी एका सदस्याच्या वाट्याला आले होते. धुळे लोहमार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्थानकावर हारतुरे झाले, पण तासभर कुणी हलेना. मग एक टांगा आला. दोनशे पावलांतच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरील कठडे नसलेल्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले. टांगा घोड्यासह नदीत कोसळला आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला.

कारण त्यांना नंतर कळले. अस्पृश्य प्रवाशाला नेण्यास टांगेवाले तयार नव्हते, आणि आपल्या पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्यातील मंडळींना पटत नव्हते. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुम्ही आणा. लगाम ज्याच्या हाती आला, त्याने पूर्वी कधी टांगा हाकलाच नव्हता.

मॉंटगोमेरीत प्रवाशाची जागा हिरावली जात होती. चाळीसगावात प्रवाशाला जागा मिळाली, रिकामी राहिली ती हाकणाऱ्याची. तिकडे भेदभाव कायद्यात लिहिलेला होता, म्हणूनच न्यायालयात त्याला आव्हान देता आले. 381 दिवसांच्या बहिष्कारानंतर तो मोडला. इकडे लेखी नियम दाखवण्याची कुणाला गरजच भासली नाही. टांगेवाल्याची प्रतिष्ठा पुरेशी होती. समोरचा माणूस बॅरिस्टर असला तरी तिला धक्का लागत नव्हता. सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा ठरवणारा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा भारतात आला, तोही 1955 सालीच.

इतिहास एका क्षणावर तोलणे ही विज्ञानकथेची सोय आहे. खरे तर पार्क्स यांच्या आधी, त्याच वर्षी मार्चमध्ये, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच शहरात जागा सोडण्यास नकार दिला होता; आणि बहिष्कार चालवला तो रोज पायपीट करणाऱ्या हजारोंनी. तरीही ‘तसे झाले असते तर?’ हा प्रश्न चाळीसगावच्या फरशीवर टाळता येत नाही. काळाच्या पोटात शिरून कट करणारा कुणी खलनायक तिथे नव्हता. टांगेवाल्यांची रोजची, सवयीची ‘नाही’ होती. पुढल्याच वर्षी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद व्हायची होती, त्यानंतर पुणे करार, आणि अखेरीस संविधान. हे सारे ज्याच्या हातून घडायचे, तो माणूस त्या फरशीवर बेशुद्ध पडला होता.

ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवली. ती पुस्तिकारूपाने आली 1990 साली. तीत आक्रोश नाही. आपला मान राखण्याच्या भरात आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही ते तितक्याच शांतपणे नोंदवतात. वर्गात ‘रोझा’ दाखवणाऱ्या शिक्षकांनी त्यासोबत ही काही पानेही वाचायला द्यावीत, असे आम्हांला वाटते. बसमध्ये निमूट बसून राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या भागाने विचारला आहेच. चाळीसगावच्या स्थानकावर त्या तासभरात टांगे घेऊन उभे असलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र आपण विचारायचा आहे.