किती फरकाने जिंकलो?

जिना चढता चढताच कोट काढा. बाहेर न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूवर मार्चचं वारं कान कापतंय, पण मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या या वरच्या सज्जात तुम्हाला घाम फुटणार आहे. 18,000 माणसं, ओलसर लोकरीचा वास, मोहरीची चटणी चोपडलेले हॉट डॉग आणि सिगार. धूर एवढा, की पलीकडच्या सज्जातली तोंडं दिसत नाहीत, नुसत्या हॅट दिसतात. खाली लाकडी मैदान मात्र दिव्यांत लखलखतंय. साल 1950. खोकला दाबा, नवखे आहात हे लगेच ओळखतील.

शेजारचा पोरगा सिटी कॉलेजचा. तिथे फी नाही म्हणून शिकतोय. हार्लेमच्या टेकडीवरून दहा सेंटांत सबवेने आलाय. खाली खेळणारेही त्याच्यासारखेच, ब्रॉंक्स-ब्रुकलिनच्या गल्ल्यांतले, ज्यू आणि कृष्णवर्णीय. तो एकदम तुमच्या कानाशी किंचाळतो, ‘ॲलागरू!’ अर्थ विचारत बसू नका. तुम्हीही ओरडा.

आता बाकाकडे बघा. कडक इस्त्रीचा सूट, पाठ ताठ. हे सिटीचे प्रशिक्षक नॅट होलमन, ‘मिस्टर बास्केटबॉल’. तीस वर्षं हेच कॉलेज. खांद्यावर हात टाकून चौकशी करणारा हा माणूस नव्हे, पण त्याने शिकवलेलं बघा: चेंडू हातात ठेवायचाच नाही. दिला की पळायचं, रिकाम्या जागेत परत घ्यायचा. बूट करकरतात, चेंडू हातांतून सटासट फिरतो, आणि समोरच्या ब्रॅडली विद्यापीठाची पोरं मान वळवेपर्यंत बास्केट झालेलं असतं. दहाच दिवसांपूर्वी याच गार्डनमध्ये याच ब्रॅडलीला हरवून सिटीने एनआयटी ही स्पर्धा घेतली, आणि त्या वाटेवर बलाढ्य केंटकीला 89-50 असं धुतलं. आज एनसीएए या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी. एकाच वर्षी दोन्ही जिंकणं आजवर कुणालाच जमलेलं नाही, आणि पुढेही कुणाला जमणार नाही. हे शेजाऱ्याला सांगू नका, वेडा समजेल.

या गार्डनमध्ये तुम्ही हंगामातल्या एखाद्या साध्या सामन्याला आला असतात, तर एक विचित्र गोष्ट कानावर पडली असती. निकाल कधीचाच लागलाय, लोक कोट चढवतायत, आणि शेवटच्या सेकंदाला कुणीतरी फुटकळ बास्केट टाकतो. अर्धं गार्डन आनंदाने उसळतं, अर्धं कण्हतं. का? कारण बुकी इथे नुसत्या हारजितीवर पैसे घेत नाहीत, फरकावर घेतात. सिटी सहाने जिंकेल असा आकडा असेल आणि ती चारनेच जिंकली, तर कॉलेज जिंकलं आणि सिटीवर पैसे लावणारे बुडाले. मग खेळाडूच्या कानाशी कोणी लागतो: हरू नकोस रे, फक्त जरा कमी फरकाने जिंक. वीस वर्षांच्या पोराला यात पाप कुठे दिसणार? सामना तर आपणच जिंकलेला असतो!

बरं, उठा, शेवटचं मिनिट आलंय! सिटी एका गुणाने पुढे. ब्रॅडलीचा बुटका मेल्कियोरे चेंडू घेऊन आत घुसतो. सिटीचा डॅमब्रॉट त्याचा फटका अडवतो आणि चेंडू लांब भिरकावतो. पुढे सिटीचाच एकटा मेगर, डोक्याला नुकतेच टाके पडलेला. बास्केट! 71-68. शेजाऱ्याने तुम्हाला मिठी मारलीय; त्याच्या दाढीचे खुंट टोचतायत.

आता जेमतेम अकरा महिने पुढे या. पेन स्टेशन, फिलाडेल्फियाहून जिंकून आलेला संघ, आणि गुप्त पोलीस. फरक कमी ठेवायला पैसे घेतले म्हणून आधी तिघे पकडले जातात. कॉलेजची पोरं संघातल्या फ्लॉइड लेनला डोक्यावर घेतात, हा तरी स्वच्छ निघाला म्हणून. मग त्याच्याच खोलीतल्या फुलझाडाच्या कुंडीतून नोटा निघतात. त्या शेवटच्या चेंडूला हात लागलेले तिघेही, मेल्कियोरे, डॅमब्रॉट आणि मेगर, पुढे याच भानगडीत अडकले. मेल्कियोरेला एनबीएच्या निवडीत पहिला क्रमांक मिळाला, पण तिथे तो एकही सामना खेळला नाही. सिटी कॉलेजने गार्डन सोडलं आणि मोठ्या बास्केटबॉलमधून त्याचं नाव कायमचं पुसलं गेलं.

होलमन? ते म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं. 1952 मध्ये निलंबन, 1954 मध्ये पुन्हा त्याच बाकावर, 1964 मध्ये हॉल ऑफ फेम. त्यांनी पैशाला हात लावला असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण ज्या डोळ्यांना खेळाडूचं पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडलेलं दिसायचं, त्यांना मुद्दाम सोडलेला चेंडू कसा दिसला नाही? निव्वळ प्रशिक्षक म्हणून त्यांना मी पहिल्या रांगेत बसवीन. त्या पोरांचा वडीलधारा म्हणून मात्र नाही. कुंडीतल्या नोटांचा धनी फ्लॉइड लेन 1974 मध्ये याच कॉलेजचा प्रशिक्षक झाला. पोराच्या कानाशी कोण लागतं आणि काय सांगतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.