सैनिकाची सेवानोंद आणि राहून गेलेली पदके : भिवंडी व ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

भिवंडीचा इतिहास लिहिताना हातमाग, यंत्रमाग, विणकरांची स्थलांतरे आणि खाडीमार्गे चालणारा व्यापार यांना अभ्यासकांनी साहजिकच अग्रस्थान दिले आहे. या परिसरातून पलटणीत किंवा जहाजावर गेलेल्या माणसांचा विचार त्या मानाने थोडा झाला. त्याचे एक कारण साधनांचे आहे. सैनिकाच्या आयुष्याचे मुख्य साधन म्हणजे त्याची सेवानोंद होय, आणि ती त्याच्या गावी नसते. ती शेकडो मैल दूर असलेल्या अभिलेख कार्यालयात असते. घरी उरते ते सेवामुक्ती पुस्तक, एखादे छायाचित्र आणि फितीला लावलेली काही पदके. घरातील पदके व कार्यालयातील नोंद यांचा मेळ बसत नाही, असा अनुभव माजी सैनिकांच्या कुटुंबांना वेळोवेळी येतो. ही नोंद अपुरी का राहते, ती दुरुस्त करण्याचे कोणते प्रयत्न इतिहासात झाले व त्यांचा लाभ कोणाला मिळाला नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१८५१ चे उशिरा आलेले पदक

महाराष्ट्राच्या भूमीवरील लढायांच्या संदर्भात राहून गेलेल्या पदकांची भरपाई करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील आहे. इ. स. १८०३ ची असई, अडगाव व गाविलगडची मोहीम आणि १८१७-१८ मधील खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव येथील लढाया यांत भाग घेतलेल्या सामान्य शिपायास त्या वेळी कोणतेही सर्वसाधारण मोहीम-पदक मिळाले नव्हते. त्या काळच्या ब्रिटिश लष्करात तशी प्रथाच रुळलेली नव्हती. वॉटर्लूच्या लढाईनंतर दिलेले पदक हा अपवाद होता. पुढे १८४७ मध्ये युरोपातील जुन्या युद्धांसाठी पूर्वलक्षी पदक मंजूर झाले, तेव्हा हिंदुस्थानातील फौजेचा प्रश्न पुढे आला आणि १८५१ मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर करण्यात आले. हे पदक चांदीचे होते व लढाईचे नाव कोरलेली पट्टी त्यास जोडली जाई. कोरेगावसाठी स्वतंत्र पट्टी होती.

या पदकाची अट मात्र फार बोलकी आहे. ते केवळ हयात असलेल्यांना मिळणार होते, आणि ज्याला ते हवे असेल त्याने आपला हक्क मांडावयाचा होता. असईच्या लढाईत वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा झालेला होता. कोरेगावी लढलेला त्याच वयाचा शिपाई त्रेपन्न वर्षांचा. त्या काळचे आयुर्मान पाहता बहुसंख्य हक्कदार आधीच निवर्तले होते. जे उरले होते ते कोकणात किंवा देशावर आपापल्या गावी विखुरलेले होते, आणि इंग्रजी राजपत्रातील मंजुरी त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा योगायोगाचाच भाग होता.

कोरेगावच्या बाबतीत याचा परिणाम विशेष स्पष्ट दिसतो. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या हाताखालील मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन तेथे लढली. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या तेथील विजयस्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे असून त्यांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात व त्यावरून ते शिपाई महार असल्याचे ओळखता येते. म्हणजे जे त्या दिवशी पडले त्यांची नावे दगडावर आली. जे १८५१ पर्यंत जगले व ज्यांनी मागणी केली त्यांची नावे पदकाच्या यादीत आली. मधल्या तेहतीस वर्षांत वारलेला शिपाई, जो लढला, जगला, कदाचित जखमाही घेऊन घरी परतला, तो या दोन्ही ठिकाणी सापडत नाही. कोरेगावविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी या तिसऱ्या गटाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

या अभावाचे सामाजिक मूल्य पुढे कळून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाल्यानंतर गोपाळबाबा वलंगकर यांनी, आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे जे अर्ज केले, त्यांचा आधार पूर्वजांची लष्करी सेवा हाच होता. अर्ज करणाऱ्यांच्या हाती नोंदींपेक्षा स्मृतीच अधिक होती. ज्यांची सेवा कागदावर नीट उतरली होती, त्यांना असे अर्ज करण्याची वेळ क्वचितच आली असती, असे म्हणण्यास जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली आणि कोरेगावचा स्तंभ तिच्या बोधचिन्हावर आला. ज्या सेवेची वैयक्तिक नोंद अपुरी राहिली, तिला रेजिमेंटच्या चिन्हात स्थान मिळाले, ही या प्रकरणातील विलक्षण गोष्ट होय.

बिगारी, खलाशी आणि पदकाचा धातू

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दिलेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ साठ लाखांहून अधिक लोकांना चांदीचे मिळाले. हिंदी, चिनी व माल्टीज मजूर तुकड्यांतील सुमारे १,१०,००० लोकांना मात्र तेच पदक कांस्याचे देण्यात आले. एकाच मोहिमेतील सेवेची प्रतवारी अशी धातूवरून केली गेली, आणि ज्या वर्गाला हलका धातू मिळाला त्याच्या नोंदीही हलगर्जीपणे ठेवल्या गेल्या.

कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने खलाशांचा प्रश्न अधिक जवळचा आहे. मुंबईच्या मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या, रॉयल इंडियन मरीन व व्यापारी जहाजांवरील २,२०० हून अधिक नाविकांचे स्मारक आहे. भिवंडी-कल्याणपासून ते रेल्वेने तासा-दीड तासाच्या अंतरावर असूनही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात त्याचा उपयोग क्वचित केला जातो. येथे नावांची अडचण मोठी आहे. कारकुनाने उच्चारावरून रोमन लिपीत लिहिलेले नाव, वडिलांचे नाव नोंदवून आडनाव गाळणे, गावाऐवजी जिल्हा किंवा नुसते ‘बॉम्बे’ लिहिणे हे नित्याचे होते. शिवाय भिवंडीचे जुने नाव भिमडी. एकाच गावचे दोघे जण दोन निरनिराळ्या गावांचे म्हणून नोंदले जाणे त्यामुळे अशक्य नाही.

हा प्रश्न केवळ मुंबईपुरता नव्हता. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले, की पहिल्या महायुद्धातील प्रामुख्याने आफ्रिकी, आशियाई व मध्यपूर्वेतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत विषम रीतीने झाले आणि किमान १,१६,००० जणांची, किंबहुना ३,५०,००० पर्यंत लोकांची, नावे नोंदली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. शंभर वर्षांनंतर आलेली ही कबुली १८५१ च्या पदकापेक्षाही उशिराची आहे. तथापि तिच्यात हयातीची अट नाही, हा फरक महत्त्वाचा मानावा लागेल.

स्वातंत्र्योत्तर काळातील नोंद व दुरुस्ती

परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र या पदकांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, पण ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. त्यामुळेच कारवारजवळील चेंडिया गावच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांस एप्रिल १९४८ मधील नौशेरा-राजौरी मार्गावरील कामगिरीबद्दल परमवीर चक्र मिळू शकले. पूर्वलक्षी मान्यता हे स्वतंत्र भारताच्या पदकव्यवस्थेचे आरंभापासूनचे अंग आहे, हे यावरून दिसते. पुढे १९५२ ची अशोक चक्राची तीन वर्गांची रचना १९६७ मध्ये बदलून अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र अशी नावे देण्यात आली. जुन्या कागदात ‘अशोक चक्र, वर्ग दोन’ अशी नोंद असेल तर तो आजचा कीर्ती चक्रधारक होय. ही साधी बाब ठाऊक नसल्याने जुन्या नोंदीचा अर्थ चुकीचा लावला जाण्याची शक्यता राहते.

शौर्यपदक राजपत्रात नावानिशी प्रसिद्ध होत असल्याने ते सहसा हरवत नाही. हरवतात ती मोहीम व सेवेची पदके : गोव्याच्या मुक्तीसाठी १९६१ ची पट्टी, १९६५ चे समर सेवा स्टार व रक्षा पदक, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम पदक. ही पदके ठराविक क्षेत्रातील व ठराविक काळातील उपस्थितीवर अवलंबून असतात. युनिटमध्ये घडलेली बढती, बदली, जखम, पदक अशी प्रत्येक बाब ‘पार्ट टू ऑर्डर’ द्वारे प्रसिद्ध होते आणि तिच्या आधारे अभिलेख कार्यालय शीट रोल भरते. आदेश निघालाच नाही, अथवा जवान त्या वेळी दुसऱ्या युनिटकडे संलग्न किंवा रुग्णालयात असला, तर पदक मिळण्यास पात्र असूनही त्याचे नाव यादीत येत नाही. ज्याला गोळी लागली तोच पुष्कळदा यादीतून निसटतो, हे या पद्धतीचे विपरीत फलित आहे.

अभिलेखांच्या जतनाचा नियमही येथे निर्णायक ठरतो. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या जवानाची सेवाकागदपत्रे लष्करी नियमावलीप्रमाणे पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात. त्यानंतर उरतो तो केवळ ‘लाँग रोल’, म्हणजे थोडक्या तपशिलाची नोंदवही. अमेरिकेत सेंट लुइस येथील अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फाइली जळाल्या. तेव्हा तेथील शासनाने वेतनपत्रके, रुग्णालयीन नोंदी अशा पर्यायी साधनांवरून सेवा सिद्ध करण्याचा मार्ग आखला. भारतात कागद आगीने नव्हे तर नियमाने जातो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

२००७ च्या कायद्याने स्थापन झालेले व ऑगस्ट २००९ पासून कार्यरत झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण हा दुरुस्तीचा नवा मार्ग ठरला. त्याच्या प्रधान पीठाने मे २०१० मध्ये ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात कारगिल युद्धातील बटालिक क्षेत्राविषयीचे अहवाल सदोष ठरवून त्यांच्या कामगिरीची नोंद सुधारण्याचा आदेश दिला. युद्धाच्या अधिकृत वृत्तांतास न्यायासनासमोर आव्हान देता येते, हे या निकालाने दाखवून दिले. पण तेथे अर्जदार ब्रिगेडियर होता आणि त्याला युद्धकाळातील कागदांची माहिती होती. शिपायाच्या विधवेची स्थिती तशी नसते.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण थोडे निराळे, तरी उद्बोधक आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या स्पर्धेत भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली व अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर बावन्न वर्षांनी. १९४६ च्या नौसैनिक उठावातील शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत तर दुरुस्ती भलत्याच दालनात झाली : गृह मंत्रालयाच्या सन्मान निवृत्तिवेतन योजनेने त्यांचा उठाव स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानला, नौदलातील नोकरी मात्र त्यांना परत मिळाली नाही.

भिवंडी तालुक्यातील कुटुंबाने आज अशी नोंद शोधावयाची झाल्यास वाट ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सुरू होते. पुढे ती जवानाच्या दलाप्रमाणे फुटते : मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, आणि नौसैनिकासाठी मानखुर्दच्या चिता कॅम्पमधील ‘ब्युरो ऑफ सेलर्स’. उत्तर प्रदेश वा तेलंगणातून यंत्रमागाच्या कामासाठी येथे आलेल्या कुटुंबांचे कागद त्यांच्या मूळ प्रांताशी जोडलेल्या रेजिमेंटकडे असू शकतात, म्हणून पत्त्यावरून केलेला अंदाज चुकतो. अर्जासोबत सेवा क्रमांक असल्यास शोध लवकर लागतो. नुसते नाव असल्यास त्याची रोमन लिपीतील तीन-चार संभाव्य रूपे देणे इष्ट. सेवा क्रमांक पुष्कळदा पदकाच्या कडेवरच कोरलेला असतो, आणि घरच्यांनी पदक घासूनपुसून चकचकीत ठेवले असेल तर तोच आधी पुसला जातो.