शिक्षा, बक्षीस आणि कुरणशाळा

मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ शिक्षण. आपल्या शाळांचा निम्मा इतिहास या एका शब्दात आहे. शाळेत मुलांना मारायला देशभर कायद्याने बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून.

आता स्वमग्न मुलांच्या आईवडिलांच्या कानावर 'एबीए' हे नाव येते. उपयोजित वर्तन विश्लेषण. इथे करंजाडेत बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांचीही त्यावर मते असतात. कुणी म्हणते, ही चॉकलेटची लाच. कुणी म्हणते, नव्या वेषातली छडीच. म्हणून थोडे मुळापासून पाहू.

स्किनरचा पहिला ग्रंथ १९३८ चा. उंदराने कळ दाबली की खाऊ मिळे. मग तो पुन्हा दाबी. म्हणजे कृतीनंतर जे घडते, त्यावर ती कृती पुढे वाढणार की विझणार हे ठरते. १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी हे तत्त्व माणसांसाठी वापरण्याच्या अटी मांडल्या. बदल त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचा हवा, मोजता यायला हवा आणि शिकवणीच्या खोलीबाहेरही टिकायला हवा.

बी.एड.च्या पुस्तकांत 'ऋण प्रबलन' असा शब्द असतो. पुष्कळांना ती शिक्षा वाटते. ती शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट टळली म्हणून एखादी कृती वाढणे, हे ऋण प्रबलन. गणिताच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाला गुरुजी वर्गाबाहेर उभे करतात. त्यांच्या मते ही शिक्षा. पण गणित टळले म्हणून मुलगा उद्या पुन्हा दंगा करतो! बक्षीस कोणते आणि शिक्षा कोणती हे देणाऱ्याच्या मनावर नाही, पुढे काय घडते त्यावर ठरते.

कृतीच्या आधीची परिस्थिती पाहणे हाही या शास्त्राचा पाया आहे. इथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केले. त्यांची वाट माँटेसोरीची. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नाकारणारी. स्किनरशी त्यांचा संबंध नाही. पण वारल्यांची मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी बारकाईने पाहिले. मुले गुरे राखत होती, म्हणून शाळाच कुरणात गेली. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड होते, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले. 'मुले आळशी आहेत' असे म्हणून त्या थांबल्या नाहीत.

एबीएच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. लोवास यांनी १९६० च्या दशकात स्वमग्न मुलांवर विजेचे झटके वापरले. त्यांचाच १९८७ चा अभ्यास पुढे गाजला. १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण वर्गात इतरांसारखी शिकू लागली, असे त्यात होते. शिकवणी आठवड्याला ४० तासांची. आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात, "आम्हाला इतरांसारखे दिसायला शिकवले, आमचे दुःख कुणी विचारले नाही." हा आक्षेप गैरसमज म्हणून झटकता येणार नाही. हात फडफडवणे थांबवले, पण त्यातून मुलाला मिळणारा दिलासाही गेला, तर महत्त्वाचा बदल कुणासाठी झाला?

तेव्हा पालकांनी उपचार करणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे वर्तन बदलल्याने माझ्या मुलाचे काय सुकर होणार? आणि त्याला 'नको' म्हणायची सोय आहे का?

कुरणात शाळा नेणाऱ्यांनी आधी मुलांचा दिवस पाहिला होता. तेवढे पाहिल्याशिवाय चॉकलेटही कामाचे नाही आणि छडी तर नाहीच नाही.