चिमुकल्या मोटारी : गुण आणि मर्यादा

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या गाड्यांच्या मोहात पडतात. संस्थानिकांच्या लांबलचक गाड्या आणि शर्यतीत उच्चांक मोडणारी यंत्रे यांच्या वर्णनांनी त्यांची पाने भरून जातात. जिच्यात बसताना गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, जिचे इंजिन एखाद्या मोटारसायकलीचे असते, अशा चिमुकल्या गाडीच्या वाट्याला फार तर एखादा विनोदी उल्लेख येतो. आणि तरीही सामान्य मनुष्याला मोटारीत बसवण्याचे श्रेय पुष्कळ अंशी या चिमुकल्या गाड्यांनाच आहे. त्यांचे गुण कोणते आणि उणिवा कोणत्या, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. या शंभर वर्षांचा अनुभव असा की, एकट्या गाडीकडे पाहून या वादाचा निकाल लागत नाही. ती कोणत्या वाहनाच्या जागी आली आणि रस्त्यावर तिच्या शेजारून काय धावते, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

आरंभ ब्रिटनपासून करणे सोयीचे होईल. १९२१ साली तेथे मोटारीवर अश्वशक्तीनुसार कर बसू लागला. दर अश्वशक्तीमागे एक पौंड. मोठ्या गाड्या बनवणारा हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना त्याच सुमारास डबघाईला आला होता. लहान गाडीची कल्पना त्यांच्या सहकाऱ्यांना मानवत नव्हती. तेव्हा ऑस्टिन यांनी अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या आरेखकाला आपल्या घरी बोलावले आणि तेथील बिलियर्डच्या खोलीत बसून नव्या गाडीचे आराखडे तयार करवून घेतले. १९२२ साली अवतरलेली ही ‘ऑस्टिन सेव्हन’ वजनाने जेमतेम ३६० किलोग्रॅम होती. पण तिला चार चाके होती, चारही चाकांना ब्रेक होते, आणि तिच्यात एक लहान कुटुंब मावत असे. तोवर इंग्लंडमधील बेताच्या मिळकतीचा गृहस्थ मोटारसायकलीला बाजूची गाडी जोडून बायकामुलांना पावसात भिजवीत नेत असे. ऑस्टिन यांना आपली गाडी विकायची होती ती याच गृहस्थाला. रोल्स-रॉइसच्या शेजारी ती खेळणे वाटली, तरी मोटारसायकलीच्या शेजारी ते एक घरच होते. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या. जर्मनीत परवान्याने निघालेल्या तिच्या आवृत्तीचा कारखाना १९२८ साली बीएमडब्ल्यू या कंपनीने विकत घेतला. आज श्रीमंती गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नावाचा मोटार-व्यवसायातील श्रीगणेशा असा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लोखंड, पेट्रोल आणि पैसा या तिन्हींचा दुष्काळ पडला. इटलीत शीतकपाटे आणि स्कूटर बनवणाऱ्या इसो या कंपनीने १९५३ साली ‘इसेटा’ नावाचे एक अजब वाहन बाजारात आणले. आकाराने अंड्यासारखे, लांबी सव्वादोन मीटरांच्या किंचित वर, मागची दोन चाके एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, आणि दार एकच, तेही समोर! शीतकपाट उघडावे तसे ते उघडायचे आणि स्टिअरिंगचे चाकही दाराबरोबर बाहेर झुकायचे. बीएमडब्ल्यू कंपनी तेव्हा अडचणीत होती. तिच्या मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हते आणि मोटारसायकलींचा खप उतरत होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने १९५५ पासून तिने इसेटा बनवण्यास घेतली आणि १९६२ पर्यंत तिच्या सुमारे १ लाख ६० हजार गाड्या काढल्या. विमाने बांधण्यास बंदी झालेल्या मेसरश्मिट आणि हाइंकेल या कंपन्याही अशाच वाहनांकडे वळल्या. मेसरश्मिटच्या गाडीत तर दोन माणसे लढाऊ विमानातल्याप्रमाणे एकामागे एक बसत आणि वर पारदर्शक घुमट असे. या साऱ्या जातीला लोकांनी ‘बुडबुडा गाड्या’ असे नाव दिले.

१९५६ च्या जुलैत इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यातून उद्भवलेल्या लढाईत कालवा बंद पडला, आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. एका गॅलनमध्ये पन्नास-साठ मैल जाणारी गाडी तेव्हा चेष्टेचा विषय राहिली नाही. ब्रिटनमध्ये तीन चाकांच्या गाडीला कर कमी पडे. मोटारसायकलीचा परवाना असलेल्यालाही ती चालवता येई, मात्र तिचा उलट गिअर बंद केलेला असला पाहिजे, अशी अट होती. नाकासमोर दार असलेली गाडी भिंतीला टेकवून उभी केली, तर आत बसलेल्याने बाहेर पडावे कसे, हा प्रश्न या नियमातून निर्माण झाला. १९६२ ते १९६५ या काळात आइल ऑफ मॅन बेटावर बनलेल्या ‘पील पी-५०’ या एकट्या माणसाच्या गाडीची लांबी अवघी १३७ सेंटिमीटर होती. तिला उलट गिअर नव्हताच. मागे एक कडी होती. खाली उतरून गाडी उचलायची आणि वळवायची.

लहानपणाचा एक अनपेक्षित गुण बर्लिनमध्ये दिसून आला. शहराच्या मधोमध भिंत उभी राहिल्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहनांची कसून झडती होई. इसेटाच्या आत माणूस दडवता येईल, ही कल्पनाच पहारेकऱ्यांना शिवली नाही. इंजिनाशेजारचे सामान काढून केलेल्या पोकळीत एकेक माणूस दडवून एका इसेटातून १९६० च्या दशकात नऊ जणांना पश्चिम बर्लिनमध्ये आणण्यात आले. तीच गाडी पुढे तेथील संग्रहालयात ठेवली गेली.

बुडबुडा गाड्यांचे राज्य मात्र टिकले नाही. त्यांत सामान मावत नसे, हिवाळ्यात ऊब नसे, आणि शेजारून लॉरी गेली की वाऱ्याच्या झोताने गाडी हेलकावे खाई. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्यांची चीडच होती. या गाड्यांना रस्त्यावरून हुसकावून लावील अशी खरीखुरी छोटी मोटार बनवा, असे त्यांनी आपले अभियंते अॅलेक इसिगोनिस यांना सांगितले. त्यातून २६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ प्रकट झाली. लांबी दहा फूट, इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे, किंमत करासह पाचशे पौंडांहून किंचित कमी. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअर त्याच्याखाली तेलाच्या भांड्यात घातले, चाके दहा इंचांची केली आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू वापरले. परिणाम असा की, गाडीच्या तळाची जवळजवळ ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. लहान गाडी म्हणजे मोठी गाडी आक्रसून केलेली प्रतिकृती नव्हे, तिची रचना मुळापासून वेगळी असावी लागते, हे मिनीने दाखवून दिले. आज जगातील बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवेच असते.

मिनीतही दोष होतेच. पहिल्या गाड्यांच्या तळातून पावसाचे पाणी आत येई, आणि समोरून आलेल्या पाण्याने विजेची यंत्रणा भिजून गाडी बंद पडे. ज्या कामकरी वर्गासाठी ती बनवली, तो तिच्याकडे प्रथम साशंकतेने पाही. पुढे बीटल्स गायकांसारखी नामांकित मंडळी हौसेने मिनी चालवू लागली. १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. मग मिनीत बसणे हे गरिबीचे लक्षण न राहता रसिकतेचे लक्षण ठरले. २००० सालापर्यंत या गाडीच्या ५३ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण तिला शोभून दिसते.

आता दुसरी बाजू पाहू. पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम लहान मोटारीच्या मुळावर येतो. ६०० किलोग्रॅमची गाडी आणि १८०० किलोग्रॅमची गाडी, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत रुतल्या, असे समजू. मोठी गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने पुढेच सरकत राहील. तिच्या वेगात फरक पडला तो २५ चा. लहान गाडी मात्र त्याच वेगाने मागे ढकलली जाईल, म्हणजे क्षणार्धात तिच्या वेगात ७५ चा फरक पडेल. आतल्या माणसाला बसणारा हिसका या फरकावर अवलंबून असतो. गाडीची बांधणी कितीही कुशल असली, तरी हा हिशेब पुरता चुकवता येत नाही. २००९ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने तीन छोट्या गाड्यांची त्याच कंपन्यांच्या मध्यम आकाराच्या गाड्यांशी टक्कर घडवून आणली. एकट्याने अडथळ्यावर आदळताना उत्तम ठरलेल्या तिन्ही छोट्या गाड्या या कसोटीत कनिष्ठ ठरल्या.

एकच गाडी दोन देशांत कशी निरनिराळी ठरते, याचे बोलके उदाहरण जपानी आहे. १९५८ ची ‘सुबारू ३६०’ ही तेथील पुष्कळ कुटुंबांची पहिली मोटार. तिच्या रूपावरून लोक तिला लाडाने किड्याचे नाव देत. १९६८ मध्ये ती अमेरिकेत नेण्यात आली. वजन हजार पौंडांहून कमी असल्यामुळे तेथील नव्या सुरक्षा-नियमांतून ती सुटत होती. परंतु ग्राहकांसाठी वस्तूंची परीक्षा करणाऱ्या तेथील प्रमुख नियतकालिकाने १९६९ साली तिला ‘अस्वीकार्य’ ठरवले, आणि तिचा खप कोसळला. गाडी तीच होती. रस्ता आणि शेजारी बदलले होते. जपानने मात्र आपल्या चिमुकल्या गाड्यांसाठी रस्त्यावर रीतसर जागा राखली. १९४९ पासून त्यांचा वेगळा वर्ग कायद्याने मानला गेला. इंजिनाची मर्यादा १९५५ मध्ये ३६०, १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० घनसेंटिमीटर झाली. कर कमी, खेड्यांत गाडी उभी करण्याच्या जागेचा दाखला देण्यातून सूट, ओळखू यावी म्हणून पिवळी नंबरपाटी, आणि द्रुतगती मार्गांवर २००० सालापर्यंत ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा, अशी ही व्यवस्था. देश श्रीमंत झाल्यावरही तेथील नव्या मोटारींपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास गाड्या या वर्गातल्या असतात.

भारतात स्वस्त छोट्या मोटारीचे स्वप्न स्वातंत्र्याइतकेच जुने आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने स्वतःच्या हिमतीवर घडवले. पण ती बाजारापर्यंत पोचू शकली नाही. स्वप्न साकार झाले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, पहिल्या ‘मारुती ८००’ ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा. जपानच्या चिमुकल्या गाड्यांच्याच घराण्यातील ही गाडी पुढची तीस वर्षे भारतीय मध्यमवर्गाची पहिली मोटार ठरली.

त्यानंतरचा प्रयोग अधिक धाडसी होता. भर पावसात एका स्कूटरवरून आईबाप आणि मुले जात असलेली पाहून रतन टाटा यांना लाखाच्या मोटारीची कल्पना सुचली, असे ते सांगत. मुख्यतः पुण्यात आकाराला आलेली ‘नॅनो’ १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत लोकांपुढे आली. इंजिन मागे, ६२४ घनसेंटिमीटरचे. वजन सुमारे ६०० किलोग्रॅम. जमिनीच्या वादामुळे कारखाना बंगालमधील सिंगूरहून गुजरातेतील साणंदला न्यावा लागला. १७ जुलै २००९ रोजी पहिली गाडी मुंबईत ग्राहकाच्या स्वाधीन झाली. पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या हिशेबाने उभारलेल्या कारखान्यातून साऱ्या आयुष्यात तीन लाखांच्या आसपासच गाड्या निघाल्या, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले. जगातील सर्वांत स्वस्त मोटार, ही तिची कीर्तीच तिला नडली. मिनी श्रीमंतांनी उचलली म्हणून सामान्यांनी स्वीकारली. नॅनो गरिबाची म्हणून ओळखली गेली आणि ज्याच्यासाठी बनवली, त्यालाच ती नकोशी झाली. स्कूटरवरून मोटारीत येणारा गृहस्थ पुढची पायरी चढू पाहत असतो. त्या पायरीवर ‘स्वस्त’ अशी पाटी लावलेली त्याला खपत नाही.

२०१४ च्या जानेवारीत भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे एअरबॅग नसलेले नमुने ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहण्यात आले. नॅनो त्यांतलीच एक. प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबद्दल पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. टीका झाली ती योग्यच झाली, आणि तिच्यामुळे पुढे नियम कडक होण्यास बळ मिळाले. पण दुसरा आकडाही विसरता येत नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या माणसांच्या आणि समोरच्या लॉरीच्या मध्ये पत्र्याचा एक थरही नव्हता. सुरक्षेच्या प्रत्येक नव्या नियमाने मोटारीची किंमत वाढते, आणि वाढलेल्या किंमतीमुळे काही कुटुंबे दुचाकीवरच राहतात. नियम ढिले ठेवावेत, असा याचा अर्थ नव्हे. मात्र त्यांची किंमत कोण मोजतो, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

अलीकडे भारतात नव्या विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत उंच आणि भारदस्त गाड्यांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आहे. मोठ्या गाडीत बसणारा स्वतःपुरता सुरक्षित होतो. परंतु वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे त्याचा वाचलेला हिसका समोरच्या लहान गाडीला, दुचाकीला आणि पादचाऱ्याला बसतो. मग लहान गाडीवालाही घाबरून मोठी गाडी घेतो, आणि रस्ता अधिकच अरुंद होतो.

आखूडशिंगी, बहुदुधी गाय कोणालाच मिळत नाही. छोटी मोटार पेट्रोल कमी पिते, गल्लीत वळते, थोड्या जागेत उभी राहते, पायी चालणाऱ्याला कमी इजा करते, आणि ज्याला पावसापाण्यात दुचाकीवाचून गत्यंतर नव्हते त्याच्या डोक्यावर छप्पर आणते. लांबचा प्रवास, भरपूर सामान, महामार्गावरचा वेग आणि अवजड वाहनांचा शेजार मात्र तिला सोसत नाही. शहरांत वेगावर खरोखर अंमल झाला, अवजड वाहनांना वेगळी वाट मिळाली आणि वजनाप्रमाणे कर बसला, तर तिच्या मर्यादा पुष्कळ कमी होतील. जपानने हे काही अंशी करून दाखवले आहे. छोट्या गाडीत कुटुंबाला घेऊन निघालेल्या मनुष्याची सुरक्षितता जितकी त्या गाडीच्या पत्र्यावर अवलंबून असते, तितकीच ती इतरांच्या गाड्यांच्या वजनावर आणि वेगावर असते.