प्लेगने आखलेले रस्ते आणि कोविडकाळातील पावले

१८९८च्या ऑगस्टमध्ये प्लेगची साथ बंगळूरला पोहोचली. दाट वस्तीच्या जुन्या पेठांना तिचा तडाखा बसला आणि त्यानंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम या नव्या वसाहती वेगाने आकारास आल्या. सरळ, रुंद रस्ते, घरांभोवती मोकळी जागा आणि सफाईसाठी मागील बाजूस स्वतंत्र बोळ, अशी त्यांची रचना होती. मोकळी हवा व सूर्यप्रकाश रोगाला दूर ठेवतात, ही त्यामागील धारणा. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों यांनी प्लेगच्या प्रसारातील पिसवांची भूमिका प्रयोगाने दाखवून दिली. धारणा अपुरी ठरली. तिने आखलेले रस्ते मात्र टिकले.

२०२० साली या रस्त्यांची नव्याने कसोटी लागली. २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. उद्याने बंद झाली. कोविडचा विषाणू हवेतून पसरणारा होता आणि मोकळ्या हवेत उच्छ्वासातील सूक्ष्म थेंब लवकर विरळ होतात. प्लेगच्या बाबतीत फसलेला मोकळ्या हवेचा तर्क येथे लागू पडत होता. निर्बंध सैल झाल्यावर फिरणे हा त्यामुळे तुलनेने सुरक्षित व्यायाम ठरला. पण त्यासाठी दाराबाहेर जागा हवी होती.

त्या काळचे घोषवाक्य होते ‘दो गज की दूरी’. दोन गज म्हणजे सुमारे १.८३ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी. म्हणजेच नियमानुसार बांधलेला किमान रुंदीचा पदपथही या अंतराला पुरत नव्हता. समोरून कोणी आले, की एकाला वाहनांच्या रस्त्यावर उतरणे भाग होते. जेथे पदपथच नाही, तेथे वृद्धांपुढे घरात बसणे किंवा धोका पत्करणे एवढेच पर्याय उरले.

सप्टेंबर २०२०मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने पादचाऱ्यांना केंद्रस्थानी ठेवणारी ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धा जाहीर केली. नोव्हेंबरपासून बंगळूरचा चर्च स्ट्रीट शनिवार-रविवारी वाहनांना बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. तेथील हवेची मोजमापे भारतीय विज्ञान संस्थेने घेतली. मात्र हा रस्ता बाजारपेठेतला. रोजचे फिरणे घडते ते घराजवळच्या रस्त्यावर.

फिरण्याची सवय आपण व्यक्तीच्या शिस्तीच्या खाती जमा करतो. त्या शिस्तीला वाव मिळेल की नाही, हे अनेकांच्या बाबतीत त्यांच्या जन्मापूर्वीच, वस्तीच्या नकाशावर ठरून गेलेले असते.