नॉकिंग, शिसं आणि मळी

२०२५ साली आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि घराघरात एकच चर्चा सुरू झाली: गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. आमच्या घरातही. लग्नाकार्यात चार पुरुष एकत्र आले की राजकारणाआधी हाच विषय! मी त्या वादात पडणार नाही, कारण दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. पण या निमित्ताने जुनं बरंच काही वाचलं आणि लक्षात आलं की हा वाद शंभर वर्षांपूर्वीच एकदा होऊन गेला आहे. तेव्हा अल्कोहोल हरलं होतं. ते कसं हरलं, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आधी थोडं इंजिनाबद्दल. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. म्हणजे अ‍ॅव्हरेज आणि ताकद, दोन्ही. मग दाबत का नाहीत? कारण एका मर्यादेपलीकडे ठिणगीची आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिनातून टकटक आवाज येतो. हेच नॉकिंग. पेट्रोल ते किती सोसतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन.

आमच्या बाबांची एक जुनी सेकंडहँड गाडी होती. खंबाटकी घाट चढताना ती हमखास टकटकायची. सातारा रस्त्यावर एक मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, "साहेब, टायमिंग मागे घेतलं. आवाज जाईल, पण थोडं पेट्रोल जास्त खाईल." आवाज जायचा आणि पेट्रोलही जास्त जायचं. बाबांच्या डायरीत दर टाकीचा हिशोब असायचा, त्यामुळे ते लगेच कळायचं. या सगळ्या गोष्टीचं सार चाचांच्या त्या एका वाक्यात आहे: काहीतरी मिळवायचं तर कुठेतरी द्यावं लागतं.

आता अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन गावी. चार्ल्स केटरिंग हा तिथला नामांकित इंजिनियर. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटणाने सुरू होणारा स्टार्टर आला, तो त्याचाच. पण त्याच्या बॅटरी इग्निशनमुळेच इंजिनं ठोकतात, असा आरोप होऊ लागला. तो खोडून काढायला त्याने टॉमस मिजली नावाच्या तरुणाला कामाला लावलं. पहिला प्रयोग तर गमतीचाच होता. पेट्रोल लाल रंगाचं केलं तर ते उष्णता लवकर शोषेल, या कल्पनेने मिजलीने त्यात आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं! मग खरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. म्हणजे रंगाचा संबंध नव्हता, गुण आयोडीनचा होता. कल्पना चुकली, पण वाट सापडली.

मग पाच वर्षं शोधाशोध. अखेर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड सापडलं. हे शिशाचं एक संयुग. गॅलनभर पेट्रोलला तीनेक मिलीलिटर पुरे.

पण अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे मिजली आणि केटरिंग दोघांनाही माहीत होतं. त्यांनी तसे प्रयोगही केले होते. मग ते का नको? अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं, म्हणजे टाकीतली तेवढी जागा तेल कंपनीच्या मालाची जाते. शिवाय ते कुणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट कसलं घेणार? शिशाच्या थेंबाचं मात्र घेता येत होतं. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनच्या एका पंपावर हे नवं पेट्रोल विकायला आलं. नाव काय, तर 'एथिल'. शिसं हा शब्दच गाळला!

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, झटके आले, आणि त्यातले पाच जण गेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले आणि मिनिटभर वासही घेतला. आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाची बाधा झाली होती आणि बरं व्हायला तो फ्लोरिडाला गेला होता. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. १९२५ मध्ये विक्री थांबली. अ‍ॅलिस हॅमिल्टनसारख्या डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. पण १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीला पुरेसं कारण नाही असं म्हटलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. (इंग्लंडमध्ये मात्र अल्कोहोल मिसळलेलं 'डिस्कॉल' पेट्रोल १९२८ पासून चाळीस वर्षं विकलं गेलं. म्हणजे दुसरा रस्ता अशक्य नव्हता.)

मला सगळ्यात जास्त खटकली ती एक तांत्रिक गोष्ट. शिशाची पुटं प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचून इंजिन खराब व्हायचं. म्हणून त्या द्रवात ब्रोमिनचं एक संयुग घालत, म्हणजे शिसं इंजिनात न साचता धुरातून बाहेर पडेल. इंजिन स्वच्छ राहिलं. शिसं गेलं रस्त्यावर, मातीत आणि मुलांच्या रक्तात, जिथे ते मेंदूची वाढ खुंटवतं. पृथ्वीचं वय शोधणाऱ्या क्लेअर पॅटरसनने १९६५ मध्ये हे शिसं किती पसरलंय ते मांडलं. अमेरिकेत १९७४ पासून पंपांवर शिसंविरहित पेट्रोल सक्तीने आलं, त्यालाही एक कारण होतं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो शिशाने निकामी होतो. आपल्या चार महानगरांत ते एप्रिल १९९५ ला आलं, देशभर शिसं बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये, आणि जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, जुलै २०२१ मध्ये. म्हणजे हायवेला लागून असलेल्या आमच्या शाळेतल्या अख्ख्या पिढीने तो धूर घेतला. बाबांच्या डायरीत त्याचा रकाना नव्हता.

आता पुन्हा इथेनॉल. आपल्याकडेही हे काही काल सुरू झालेलं नाही. १९४८ मध्येच देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. २००१ मध्ये पथदर्शी प्रयोग झाले ते आपल्याच मिरज आणि मनमाडला, आणि तिसरा बरेलीला. साखर कारखान्याच्या मळीतून अल्कोहोल निघतं, हे आपल्याला काय नवीन! इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा चांगलंच वरचं, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणजे २० टक्के मिश्रणात हिशोबाने सहासात टक्के ऊर्जा जाते. जास्त दाबाचं इंजिन बनवलं, टायमिंग पुढे घेतलं, तर वाढलेल्या ऑक्टेनमधून त्यातलं काही परत मिळतं. जुन्या गाडीला ते मिळत नाही. तिच्या मालकाची तक्रार म्हणूनच खरी आहे, आणि तिचे रबरी पाइप तपासून घेणं शहाणपणाचं आहे.

पण मला वाटतं, शिसं इतकी वर्षं टिकलं त्याचं मुख्य कारण हे की त्याचं बिल पंपावर येत नव्हतं. ज्याला अ‍ॅव्हरेज मिळालं तो वेगळा, आणि ज्याने किंमत मोजली तो वेगळा. इथेनॉलचं निदान एक बिल तरी टाकीतच दिसतं, म्हणून आपण भांडतो. भांडावंच. फक्त त्याचंही दुसरं, न दिसणारं बिल असेलच: उसाला लागणारं पाणी. मराठवाड्यातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे हल्ली कुणी "याने अ‍ॅव्हरेज वाढतं" असं म्हटलं की मी किती वाढतं हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ते येतं कुठून?