मनिऑर्डरवरचा बाप

कोकणातल्या गिरणी कामगाराच्या घरात बाप आणि मुलगा यांच्यात बोलणं कमीच असे, आणि जे असे ते बहुधा हुकुमाचं. जुन्या पिढीचा हा स्वभावच होता, असं सांगून हा विषय सहसा मिटवला जातो. मला हे पटत नाही. इतक्या गावांतल्या, इतक्या जातींतल्या, इतक्या पिढ्यांच्या बापांचा स्वभाव एकसारखा असणं शक्य नाही. या दुराव्याचं मूळ मुंबईच्या कापडधंद्याच्या हिशेबात आहे. कावसजी दावरांची, मुंबईतली पहिली, कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा तिथल्या मजुरांचं मोठं आगर बनला. गावात खोताचं राज्य होतं. भाताची खाचरं थोडी, डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि पिकलेल्यातून खोताचा वाटा गेला की उरलेलं धान्य वर्षाला पुरत नसे. मग घरातला कर्ता पुरुष मुंबई धरायचा. बायको, मुलं, म्हातारे आईबाप आणि जमीन मागे राहायची. १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या. उलट रत्नागिरीत स्त्रियाच जास्त. २०११ सालीसुद्धा तिथे हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. या आकड्यांकडे आपण नवराबायकोच्या ताटातुटीचा पुरावा म्हणून पाहतो. बाप घरात नसलेल्या मुलांची मोजदादही त्यांतच दडलेली आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे त्यांनी स्वखुशीने पत्करलं. जमिनीचा मोह सुटत नव्हता, म्हणून कुटुंब गावी ठेवलं. जमिनीवर जीव होता हे खरंच. पण कुटुंब आणायचं तर कुठे, याचंही उत्तर द्यावं लागेल. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, तिच्यात वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने पाठ टेकायची, ट्रंका भिंतीला लावायच्या आणि जेवायला खानावळीत जायचं, असा गिरणगावातला रिवाज होता. सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. शिवाय नोकरीचीही शाश्वती नव्हती. बदली कामगाराने रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि भरती करणाऱ्या जॉबरने घेतलं तर आत जायचं. गिरणीच्या पगारात एका माणसाचं पोट आणि गावी पाठवायचे चार पैसे एवढंच भागत होतं. मुलाला वाढवण्याचा खर्च पगारात धरलेलाच नव्हता. तो आईच्या शेतातल्या राबण्यातून आणि आजीच्या मायेतून परस्पर निघत होता. १९३१ साली अहवाल देणाऱ्या, कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने मान्य केलं होतं की माणसाला शहर ओढून आणत नाही, त्याला गाव बाहेर ढकलतं. त्याच कमिशनने कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू मानली आणि ते टिकवावं असं सुचवलं. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा भार गाव उचलतं, या दृष्टीने ते बरोबरही होतं. पण या जमेची किंमत घरात कोण मोजतं, हा प्रश्न त्या हिशेबात बसला नाही.

ती मुलगा मोजत होता. बाप शिमग्याला किंवा मे महिन्यात येणार, तोही रजा मिळाली तर. रस्ते धड नव्हते तेव्हा हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरं घेत जाणारी आगबोट हाच मार्ग होता आणि पावसाळ्यात ती बंद. रजा वाढवली तर गिरणीतली जागा जायची. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम पंधरवडा. एवढ्या दिवसांत बापाला घर शाकारायचं असे, बांधाचा तंटा मिटवायचा असे, देणं फेडायचं असे, आणि आईने वर्षभर साठवलेल्या मुलाच्या तक्रारींचा निकालही लावायचा असे. ‘बाबा येऊ देत, मग बघ’ हा धाक अकरा महिने घरात वावरायचा. बाप मात्र यायचा तो शिक्षा देण्यापुरता.

उरलेल्या वर्षात दोघांमध्ये टपाल होतं. पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, मनिऑर्डर १८८० मध्ये, आणि या दोन सोयींवर कोकणातला संसार शंभर वर्षं चालला. पण या टपालात मुलाची जागा कोणती होती ते जरा जवळून पाहायला हवं. आईला लिहिता येत नसे, म्हणून शाळेत जाणारा पोरगा कागद घेऊन बसायचा. वर ‘तीर्थरूप बाबांस कृ. सा. न. वि. वि.’ असं वळणदार लिहायचं आणि खाली आईचं बोलणं उतरवायचं: गाय आटली, वाण्याचे इतके झाले, पैसे का आले नाहीत. दहा वर्षांचा मुलगा बापाशी आईच्या तोंडून बोलत होता, आणि तेही बहुतेक मागण्याचंच. तिकडे बापालाही वाचता येत नसेल तर पत्र खोलीतल्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागे, म्हणजे घरची नड चारचौघांत उघडी पडे. उत्तर यायचं ते मनिऑर्डरच्या कुपनावर. त्या चतकोर जागेत दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी: पैसे पोचल्याचं कळवणे, अभ्यास करणे. आईचा अंगठा घेऊन पोस्टमन नोटा मोजून द्यायचा आणि कुपन तेवढं घरात राहायचं. कर्तव्य चोख बजावणारी ही माणसं होती; पण अशा देवघेवीत मुलाला बापाचा आवाज ऐकू येणार कसा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्या काळी घाटावरचा शेतकरी बाप, पुण्यातला कारकून बाप, हेही मुलाशी फार बोलत नव्हते. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणंही चांगलं दिसत नसे. मग कोकणालाच वेगळं का काढायचं? फरक असा की नांगरामागे चालणारा मुलगा बापाला थकलेला पाहत होता, चुकलेला पाहत होता, पाऊस लांबला की धास्तावलेला पाहत होता. एकत्र काम केलं की धाकाची धार बोथट होते. गिरणी कामगाराच्या मुलाने बापाला कामावर कधी पाहिलंच नाही. साच्यांचा खडखडाट, छातीत जाणारा कापसाचा धुरळा, जॉबरपुढची लाचारी यांतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचायचे ते इस्त्रीचे कपडे, खाऊचा पुडा आणि मुंबईचा रुबाब. आणि बापालाही तो रुबाब सोडवत नसे, कारण तिथे आपली काय किंमत आहे हे गावात कळू द्यायचं नव्हतं.

मग मुलाच्या मिशा फुटायच्या आत त्याला मुंबईत आणून कुणाच्या तरी वशिल्याने गिरणीत चिकटवलं जाई. १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालच्या, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी केली. मुंबईत प्रथमच दोघं एका खोलीत राहायचे, तेही वीस माणसांच्या देखत आणि बहुधा वेगवेगळ्या पाळ्यांत. पोसणाऱ्या बापाची निवृत्तीही मुलाला एकटं पाडू शकत होती. कवी नारायण सुर्वे यांना वाढवणारे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे काम संपल्यावर कोकणात परतले, तेव्हा चौथीपर्यंत शिकलेला नारायण मुंबईतच मागे राहिला. त्यात गंगारामांना दोष देण्यासारखं काही नाही. कामाला मुंबई आणि म्हातारपणाला गाव, ही वाटणी त्यांच्याआधीच ठरून गेली होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले कितीतरी गावी परतले. शेतीच्या आधारावर संप लांबवता आला, हे बरोबर आहे. पण घरी परतलेल्या या बापाला तिथे जागा नव्हती. कारभार आईच्या हाती बसलेला, मुलगा तिच्या शब्दात वाढलेला, आणि ज्या पैशाच्या बळावर बापाचा शब्द चालायचा तो पैसा बंद झालेला. त्यानंतरच्या घरोघरच्या भांडणांचं, दारूचं, मुलांनी बापाचं न ऐकण्याचं खापर आपण संपावर फोडतो. संपाने घरं उद्ध्वस्त केली यात शंका नाही. तरीही ज्या बापलेकांमध्ये तेव्हा ठिणग्या उडाल्या ते तोवर गावच्या घरात सलग दोन महिनेही एका छपराखाली राहिलेले नव्हते, आणि ती वेळ त्यांच्यावर संपाच्या कितीतरी आधी, गिरणीच्या पगाराने आणली होती.